कडक भाकरी सादळते तिथला पाळणा

सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, कोलंबस या झुलत्या जहाजाच्या अगदी टोकाच्या बाकावर बसून येणारं आणि खाली उतरल्या उतरल्या ‘परत’ म्हणणारं पोर समुद्रकाठच्या करमणूक पार्कमध्ये दुपारी तीन वाजता बसकण मारून रडायला लागतं. आईबाप गोंधळतात. तिकिटाचे पैसे भरलेत, साडेचारशे किलोमीटर रेल्वेनं आणलंय, आणि आता हे रडतंय. पाळण्याला घाबरलं म्हणावं, तर अजून निम्म्या पाळण्यांवर ते चढलेलंही नसतं. मग कुणीतरी म्हणतं, दृष्ट लागली. दुसरं कुणी आइस्क्रीम आणून देतं. पोर आइस्क्रीम खातं आणि परत रडतं.

बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. सोलापूरचं मूल मे महिन्यात ४२ अंशांत गल्लीत क्रिकेट खेळतं, त्यामुळे मुंबईच्या ३३ अंशांचं काय एवढं, असं आपण धरून चालतो. तिथेच गणित चुकतं. अंग गार होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसत्या घाम येण्यामुळे नाही. हवा कोरडी असली की घाम आला तसा उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक किती खाली उतरतो, यावरून हे नेमकं कळतं. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर तो साधारण २४ अंशांपर्यंत खाली येतो. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत मात्र २८ च्या खाली जात नाही. म्हणजे कागदावर नऊ अंशांनी थंड असलेल्या गावात आपल्या पोराचं अंग जास्त तापतं. घाम गळत राहतो, सुकत नाही. सोलापुरात ज्या बेतानं पाणी प्यायची सवय असते, त्याच बेतानं ते इथे पितं आणि कमी पडतं. त्यात पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तहान लागल्याचं कळत नाही, कारण तोंड-अंग सगळं ओलंच असतं.

हे पटत नसेल तर डब्यातली कडक भाकरी बघावी. मालदांडी ज्वारीची, पापडासारखी पातळ भाकरी आपल्याकडे पंधरा दिवस नुसत्या कपड्यात बांधून ठेवली तरी टणटणीत राहते. तीच बोरिवलीच्या लॉजवर रात्रभर उघडी राहिली तर सकाळी सादळलेली असते, वाकवली तरी मोडत नाही. हवेत किती पाणी आहे ते सांगायला याहून सोपं यंत्र नाही. भाकरी न्यायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्यावी. शेंगाचटणी मात्र पार्कच्या दिवशी सकाळी मुलांना देऊ नये. तिखट आणि तेलकट, दोन्ही तिथे अंगाशी येतं.

म्हणून पहिला नियम पाण्याचा. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी अर्धी वाटी ते वाटीभर पाणी पाजायचं. घड्याळ लावून पाजलं तरी चालेल. ओआरएसची पुडी जवळ असावी आणि ती पुडीवर छापलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. मोठी पुडी एका लिटरची असते, छोटी पेलाभर पाण्याची. मोठ्या पुडीतली चिमूटभर पेल्यात टाकून अंदाजपंचे दिलं तर क्षार कमी-जास्त होतात, आणि लहान पोराच्या बाबतीत जास्त क्षार हे कमी क्षारांपेक्षा वाईट. चार-पाच तासांत मूल लघवीला गेलेलं नसेल, किंवा लघवी गडद पिवळी असेल, तर पुढचा पाळणा राहू द्यावा आणि सावलीत बसावं.

समुद्रकाठी पाळणे मुळात आले कसे, हा भाग सोलापूरसारख्या गिरणगावच्या माणसाला जवळचा वाटावा असा आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहायच्या. सगळ्या एकदम नाही, या आठवड्यात हे गाव, पुढच्या आठवड्यात ते. ब्लॅकपूलला रेल्वे पोचली १८४६ साली, आणि मग गिरणीतलं अख्खं गाव त्या आठवड्यात रेल्वेनं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर उतरायचं. गावं पाळीपाळीनं येत असल्यामुळे किनाऱ्यावर सगळा उन्हाळा गिऱ्हाईक असायचं, आणि कायमचे पाळणे उभारणं परवडायला लागलं. तिथलं प्लेझर बीच १८९६ सालचं. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला त्याच्याही आधी, १८८४ साली, लामार्कस थॉम्प्सननं उताराच्या रुळांची गाडी सुरू केली होती. तिचा वेग ताशी जेमतेम सहा मैल होता. सोलापुरात रेल्वे १८६० साली आली, पहिली कापड गिरणी १८७७ साली, भोंगा तोच, पाळ्या त्याच. पण किनारा नव्हता आणि सुट्टीचा आठवडाही नव्हता. आपल्याकडे पाळणे आले ते सिद्धेश्वरांच्या यात्रेला, संक्रांतीच्या सुमारास, होम मैदानावर. थंडीत, कोरड्या हवेत आणि रात्री. गड्ड्यात मूल दमत नाही याचं निम्मं श्रेय जानेवारीला द्यावं लागतं.

सोलापूरकराला समुद्र दोन्ही बाजूंनी लांबच. मुंबई-चेन्नई लोहमार्ग गावातूनच जातो, त्यामुळे एकीकडे मुंबईचं गोराई आणि दुसरीकडे, विशेषतः पूर्व भागातल्या तेलुगू घरांना, चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडवरचं व्हीजीपी पार्क. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडलं, शेजारचं वॉटर किंगडम १९९८ साली. एस्सेलवर्ल्डचे कोरडे पाळणे आता बंद आहेत. ज्यांच्या मनात शाळेच्या सहलीतलं जुनं एस्सेलवर्ल्ड आहे त्यांनी मुलांना त्याच्या कहाण्या आधी सांगून ठेवू नयेत. आता तिथे जायचं ते पाण्याच्या पार्कसाठी.

प्रवासात एक चूक जवळजवळ सगळे करतात. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुऊन दहाच्या ठोक्याला पार्कच्या दारात. लॉजचा एक दिवस वाचतो हे खरं. पण गाडीत मुलाची झोप तुकड्यातुकड्यांनी झालेली असते आणि झोप मोडलेलं मूल दुपारी तीनला हमखास बिनसतं. त्यापेक्षा वंदे भारतनं जावं. सकाळी सोलापुरातून निघून दुपारी दादर. संध्याकाळ मोकळी मिळते, मुलं रात्री पोटभर झोपतात. रात्रीचीच गाडी पकडायची असेल तर पहिला दिवस पार्कचा ठेवू नये. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर जाऊन बोरिवलीकडे जाणारी लोकल घ्यायची. सकाळची गर्दी चर्चगेटच्या दिशेला असते, आपण उलट दिशेला जातो, त्यामुळे सामानासकट बसायला जागा मिळते. विरारची जलद लोकल सापडली म्हणून आनंदानं चढू नका, बोरिवलीला मुलं घेऊन उतरणं हे वेगळं कसब आहे. बोरिवली गाडीच घ्या. पश्चिमेला उतरून रिक्षानं गोराई खाडीचा धक्का, आणि तिथून बोट. मालाडच्या मार्व्याहूनही बोट आहे. पाण्याला घाबरणारं माणूस बरोबर असेल तर भाईंदर-उत्तनमार्गे रस्ता आहे, लांब पडतो.

धक्क्याच्या पायऱ्या हा लक्ष ठेवायचा प्रकार. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. ते काळपट हिरवं दिसतं, ओलं असताना दगडाच्या रंगात मिसळून जातं. मूल कडेवर घेऊन उतरण्यापेक्षा हाताला धरून, आपण एक पायरी खाली राहून उतरवावं. घसरलं तर आपल्या अंगावर येतं, पाण्यात जात नाही.

आता समुद्राचं. पार्क समुद्राकाठी असलं तरी आतून बहुधा समुद्र दिसतही नाही, भिंत आणि झाडं मध्ये असतात. माझं मत असं की ज्या मुलानं समुद्र कधी पाहिला नाही त्याला पार्कच्या आदल्या संध्याकाळी समुद्र दाखवावा. पार्क आणि किनारा एकाच दिवशी कोंबू नये. दिवसभर निळ्या फरशीच्या लाटेत खेळलेल्या पोराला संध्याकाळी खरी लाट तशीच सोपी वाटते, आणि ते बिनधास्त आत धावतं. उलट क्रम ठेवला तर खऱ्या समुद्राचा थोडा धाक घेऊन ते तरणतलावात उतरतं. तो धाक हवाच.

किनाऱ्यावर कधी जायचं हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. एकादशी आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना पाठ. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे त्या दिवशी सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमाराला भरती, आणि मध्ये अडीचच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. वद्य पक्षातही तीच मोजणी. तासभर इकडेतिकडे धरावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, मुंबईत पाणी कधी कधी साडेचार मीटरच्या वर चढतं, तेव्हा वाळू उरतच नाही. मुलांना खेळवायला भरती संपून पाणी उतरायला लागल्यावरचा वेळ घ्यावा, तोही घोट्याएवढ्या पाण्यात. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढते आणि चार वर्षांचं पोर तेवढ्यानंही बसतं. चेन्नईला हा हिशेब लावू नका, तिकडची वेळ वेगळी आणि चढउतार जेमतेम मीटरभराचा.

पार्कच्या दारात पहिली भेट होते ती उंचीच्या पट्टीशी. पाळणा असो की घसरगुंडी, कोण चढणार हे वयावर नसतं, उंचीवर असतं. मध्यम पाळण्यांना साधारण १२० सेंटीमीटर, मोठ्यांना १४० ही नेहमीची रेघ. बऱ्याच ठिकाणी तिकीटही उंचीवरच लागतं. हे मोजमाप घरीच करून जावं, कारण रांगेत पाऊण तास उभं राहून पट्टीपाशी दोन सेंटीमीटर कमी भरलेल्या पोराचं रडू कुठल्याच आइस्क्रीमनं थांबत नाही. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करायचं, नजर समोर. एक पुठ्ठ्याचं जाड पुस्तक भिंतीला काटकोनात लावून डोक्यावर टेकवायचं, पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारायची, आणि मग पोराला बाजूला करून टेपनं मोजायचं. डोक्यावर टेप धरून मोजलं की माप चुकू शकतं. मग कोणत्या पाळण्याला चालणार आणि कोणत्याला नाही ते आदल्या रात्रीच सांगून टाकावं.

जाड तळव्याची चप्पल घालून पोराला पट्टीपार करणारे महाभाग असतात. ती रेघ कशासाठी असते ते त्यांना ठाऊक नसतं. पाळण्यातला दांडा मांडीवर, कमरेच्या हाडाला लागून बसला पाहिजे, आणि खांद्यावरून येणारा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर आला पाहिजे. कमी उंचीचं मूल त्या दांड्याखालून खाली सरकतं, किंवा पट्टा गळ्याशी येतो. चपलेनं उंची वाढते, कंबर तिथेच राहते.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट, आणि ही गड्ड्यातसुद्धा रोज दिसते. दोघांच्या मिळून एकाच दांड्याच्या बाकावर बाप आणि पोर शेजारी बसतात. दांडा खाली येतो आणि बापाच्या पोटाला किंवा मांडीला टेकून थांबतो. पोराच्या मांडीवर वीतभर फट उरते. बापाला वाटतं, मी धरलंय ना. गाडी वरून खाली कोसळताना दहा-पंधरा किलोचं पोर हातानं धरून राहणं कुणालाच जमत नाही. अशा बाकावर सारख्या चणीची दोन मुलं एकत्र बसवावीत आणि दांडा दोघांच्या मांडीला लागला का ते स्वतः हात घालून पाहावं. दांडा प्रत्येकाचा वेगवेगळा असेल तर प्रश्नच नाही.

टोराटोरा, ब्रेक डान्स अशा गरागरा फिरणाऱ्या पाळण्यांत बसायची बाजू महत्त्वाची. फिरताना दोघंही बाहेरच्या कडेला दाबली जातात. हलकं पोर आतल्या बाजूला, मोठं माणूस बाहेरच्या बाजूला. उलट बसलं तर मोठ्याचं सगळं ओझं पोरावर येतं आणि ते बरगडी धरून उतरतं. कोलंबसमध्ये मधल्या बाकाला झोका सगळ्यांत कमी, टोकाला सगळ्यांत जास्त, हे गड्ड्यातल्या मुलांना शिकवायला नको. रोलर कोस्टरमध्ये मात्र फसगत होते. पुढचा डबा भीतीदायक वाटतो कारण समोर काही नसतं, पण पोटात गोळा येतो तो शेवटच्या डब्यात. पुढचे डबे उतरायला लागले की ते मागच्याला चढावरून खेचून घेतात, आणि मागचा डबा माथ्यावर पोचतो तोच वेगात. पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाला मध्ये बसवावं.

दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त असतो. कानातला तोल सांगतो फिरतोय, डोळे सांगतात शेजारचा दादा तर स्थिर बसलाय, आणि पोट मध्ये अडकतं. म्हणून फिरते आणि उंच पाळणे सकाळी, हलक्या नाश्त्यानंतर तासाभरानं. उंच पाळणे सकाळी घेण्याला दुसरंही कारण आहे. किनाऱ्यावर दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपार चढेल तसा वाढतो. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उंच पाळणा थांबवावाच लागतो. तीन वाजता ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ असा फलक लागला तर चालकाशी भांडू नका, तो बरोबर करतोय.

खाऱ्या हवेचा यंत्रावर होणारा परिणाम गड्ड्यात दिसत नाही. गड्ड्यातले पाळणे ट्रकमधून येतात, ठोकळ्यांवर उभे राहतात, महिनाभरानं उतरतात. त्यांची दुखणी जोडणीची असतात. समुद्रकाठच्या पाळण्याचं दुखणं गंजाचं. वाऱ्याबरोबर येणारं मीठ बोल्टच्या डोक्याखाली, जोडाच्या फटीत जाऊन बसतं, तिथे ओल धरून ठेवतं, आणि रंग वरून चकचकीत असताना आतून लोखंड खातं. पावसाच्या पाण्यानं उघडा भाग तरी धुऊन निघतो, फटीतलं मीठ तसंच राहतं. रांगेत उभं असताना पाहण्यासारखं बरंच असतं. बोल्टच्या डोक्याखालून तांबूस ओघळ आला आहे का? रंगाला फोड आलाय का? दांड्याच्या खिळीला जी वळलेली क्लिप असते ती जागेवर आहे, की तिथे तार गुंडाळली आहे? पट्ट्याच्या कडेचे धागे सुटलेत का? आपल्या गावात पट्टीचे विणकर घरोघर आहेत, धागा सुटलेला पट्टा किती तग धरतो ते सांगायला इंजिनिअर नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चालक प्रत्येक दांडा हातानं ओढून बघतो का, की लांबूनच बटण दाबतो? तार गुंडाळलेली दिसली, किंवा दांडा ओढून पाहणारं कुणी नसलं, तर रांगेतून बाहेर पडावं. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्यावं.

लांब केस वेणीत, वेणी अंबाड्यात, ओढणी पिशवीत. छोट्या मोटारी, म्हणजे गो-कार्ट, चालवताना तर नक्कीच. त्यांचा मागचा फिरता दांडा सीटच्या अगदी पाठीमागे असतो, आणि केस त्यात गुंतले तर ओरडायलाही सवड मिळत नाही.

पाण्याच्या भागात कपड्यांवरून दारात वाद होतात. साडी, सलवार, सुती बनियन चालत नाही, नायलॉनचाच पोशाख लागतो, नाहीतर भाड्यानं घ्या म्हणतात. यात पार्कचा धंदा आहे, पण नियम खोटा नाही. सूत पाणी पितं आणि जड होतं, बुडणाऱ्याला हातपाय मारू देत नाही. घसरगुंडीत ते चिकटतं आणि माणूस मध्येच अडकतो, मागून दुसरा येऊन आदळतो. शिवाय सुताचे तंतू सुटून गाळणीत जाऊन बसतात. सोलापूरच्या माणसाला हे पटायला हरकत नाही, आपल्या सगळ्या गावाच्या नाका-कानांत ते तंतू गेलेले आहेत. पोशाख घरूनच न्यावा. मुलांसाठी भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्यावा, निळा नको. निळ्या तळाच्या पाण्यात निळ्या कपड्यातलं पोर दोन हातांवर असून दिसत नाही.

टॉवेलचं सांगणं थोडं अवघड जातं. सोलापुरी टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पाणी टिपण्यात त्याचा हात धरणारा नाही, आणि तोच तिथे न्यायचा नाही. त्याचे जाड फासे पाणी भरपूर धरतात, म्हणून तो इथे चांगला. दमट हवेत तेच पाणी तो सोडत नाही. एकदा ओला झाला की संध्याकाळपर्यंत ओला, दुसऱ्या दिवशी कुबट, आणि पिशवीला तीन किलोंची भर. माणशी दोन पातळ पंचे न्यावेत. जाड टॉवेल लॉजवर ठेवावा.

घसरगुंडीवर पोराला मांडीत घेऊन कधीच बसू नये. हे करणारे सगळे मायेपोटी करतात. पण पोराचा पाय कडेला किंवा खालच्या पत्र्याला घासून अडकतो, आणि मागे मोठ्या माणसाचं वजन वेगात येत असतं. पाय पिरगळून नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरणारं मूल अडकलं तर नुसतं थांबतं. ज्या घसरगुंडीवर मूल एकटं जाऊ शकत नाही ती घसरगुंडी त्याची नाही. जाताना पाठीवर आडवं, घोट्यावर घोटा, हात छातीवर, आणि खाली पडलं की लगेच बाजूला.

लाटांच्या तलावाला मात्र खरं भ्यावं. त्याच्या खोल टोकाच्या भिंतीमागे हवेच्या खोल्या असतात. त्यांत हवा ठरावीक तालात दाबली-सोडली की पाणी हलतं आणि लाट निघते. उथळ कडेला पाणी शून्यापासून सुरू होतं आणि आत पुरुषभर होतं. लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजतो, मग दहा-पंधरा मिनिटं लाटा, मग शांत. भोंगा झाला की सगळी गर्दी एकदम आत घुसते, ट्यूबवाले ट्यूबवाल्यांवर आदळतात, आणि त्या गर्दीत ट्यूबमधून निसटलेलं पोर वरून दिसत नाही. मुलाच्या कमरेच्या वर पाणी येईल तिथे जायचं नाही, तेही लाट नसताना मोजून. लाटेत ते छातीला येतं. आपण मुलाच्या आणि खोल टोकाच्या मध्ये उभं राहायचं, तोंड मुलाकडे. अंतर एक हात. बुडणारं मूल हात वर करून ओरडत नाही. ते उभं असल्यासारखं दिसतं, तोंड पाण्याच्या रेघेशी वर-खाली होतं, डोळे कुठेच बघत नसतात, आवाज शून्य. आजूबाजूला गाणी लागलेली असतात. म्हणून दर वेळी एक मोठं माणूस फक्त बघायला नेमावं, मोबाइल दुसऱ्याकडे देऊन, आणि वीस मिनिटांनी पाळी बदलावी. जीवरक्षक शिट्टी वाजवतात, ते दोनशे डोकी बघत असतात.

लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहावं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा किंवा लहान मापाचं मागा. दंडावरचे फुगे हे खेळणं आहे.

इतकं पाणी बघून आपली मुलं एक प्रश्न विचारतातच, यांना रोज पाणी येतं का? ज्या घरात नळ काही दिवसांआड येतो आणि पिंप भरणं हे घरातलं काम असतं, तिथून आलेल्या मुलाचा हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की तलावाचं पाणी रोज नवं भरत नाहीत. तेच पाणी पंपानं ओढून वाळूच्या गाळणीतून काढतात, क्लोरीन घालतात आणि परत सोडतात. उडालेलं आणि अंगावरून गेलेलं तेवढं वरून घालतात. डोळे झोंबवणारा जो ‘क्लोरीनचा वास’ येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो, क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे तयार होतं त्याचा असतो. वास उग्र असेल तर पाणी जास्त स्वच्छ नाही, जास्त मळलेलं आहे. उतरण्याआधी आंघोळ करा हे याचसाठी. आणि मुलांना आधी लघवीला नेऊन आणा, एवढं तरी आपण त्या पाण्यासाठी करू शकतो.

हरवण्याची तयारी सकाळीच. पार्कच्या कपड्यांत मुलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, म्हणजे ‘काय घातलं होतं’ याला उत्तर असतं. पक्क्या शाईच्या मार्करनं दंडाच्या आतल्या बाजूला आपला नंबर लिहायचा. बॉलपेन पहिल्याच डुबकीत जातं. सनस्क्रीन लावायच्या आधी लिहा, नंतर शाई धरत नाही. सनस्क्रीन पाण्यात जाण्याआधी अर्धा तास, मग दर दोन तासांनी, आणि कानाच्या पाळ्या आणि पायाचे वरचे पंजे विसरू नका. दुपारी फरशी तापते, मुलांना पट्ट्याचे रबरी सँडल हवेत. अंगठ्याची चप्पल पाण्यात पहिली जाते.

चार वाजता निघावं. पार्क बंद होईपर्यंत थांबणारे सगळे एकाच बोटीला येतात, आणि ओल्या, उपाशी, पेंगुळलेल्या मुलांना घेऊन धक्क्यावर उभं राहणं ही दिवसातली सगळ्यांत लांब रांग असते. निघण्याआधी गोड्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ. पोशाख तिथेच साध्या पाण्यात खळबळून घट्ट पिळून वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. क्लोरीनसकट बांधून ठेवले तर लवचीक धागा सैल पडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पोशाख पाठीवर लोंबतो. कानात पाणी राहिलं तर मान तिरपी करून कानाची पाळी हलकेच ओढावी, आपोआप येतं. काडी, कापूस, गरम तेल यांपैकी काहीच नको. दोन दिवसांनी पाळी ओढल्यावर मूल कळवळलं तर कानाच्या डॉक्टरला दाखवा, बाहेरच्या नळीला सूज आलेली असते, डॉक्टर सांगतील तितके दिवस थेंब घालून जाते. तेवढे दिवस त्या कानात आंघोळीचं पाणीही जाऊ द्यायचं नाही.